एक अंश पुढे

संगणकाच्या पडद्यावर रेघ नसते, ठिपके असतात. आमच्या वेळच्या पडद्यावर ते आडवे 640 आणि उभे 480 होते, म्हणजे सगळे मिळून 3,07,200. कागदावर पट्टी धरून पेन्सिल ओढली की ती वाटेल तिथून जाते. पडद्यावर तेवढी मोकळीक मिळत नाही. दोन टोकांना जोडणारी खरी रेघ बहुतेक ठिकाणी दोन ठिपक्यांच्या मधून जाते, आणि त्या दोघांतला कोणता पेटवायचा हे कुणीतरी ठरवावे लागते. शंभर ठिपक्यांची तिरपी रेघ काढायची तर जवळजवळ शंभरदा ठरवावे लागते. हे मी देवपुरात शिकलो आणि सरळ रेघेकडे पाहण्याची माझी नजर तिथेच बदलली.

देवपूर म्हणजे धुळ्याचा पांझरेपलीकडचा भाग. जुने शहर दक्षिण काठाला, देवपूर उत्तरेला, आणि नदीकाठी एकवीरा देवीचे देऊळ. शिवाजीराव देवरे अभियांत्रिकी महाविद्यालय याच बाजूला. विद्यापीठ मात्र जळगावला, गिरणेच्या काठी. 15 ऑगस्ट 1990 रोजी स्थापन झालेल्या त्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका जळगावहून यायच्या. मुले साक्री, शिरपूर, शिंदखेडा, पारोळा, अमळनेर अशा ठिकाणांहून यायची. खोली करून राहायची. कुणाचा घरचा डबा सकाळच्या एसटीने यायचा आणि तो स्टँडवरून उतरवून घ्यायला सगळी खोली जायची. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमातली, त्यामुळे भूमिती क्ष आणि य या दोन अक्षरांनिशी डोक्यात पक्की बसलेली. वेळापत्रकात ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स’ हे नाव आले तेव्हा आमच्या मनात सिनेमा होता, गेम होते, धावणाऱ्या गाड्या होत्या. सरांनी पहिल्या तासाला फळ्यावर फक्त एक ठिपका काढला आणि त्याला क्ष, य असे लिहिले.

प्रॅक्टिकलला टर्बो सी असायचे. त्याच्या निळ्या पडद्यावर प्रोग्राम लिहायचा, ‘इनिटग्राफ’ या आज्ञेला वाट दाखवून द्यायची, आणि एका क्षणात तो निळा रंग जाऊन सगळा पडदा काळा व्हायचा. त्या काळ्यावर ‘पुटपिक्सेल’ या आज्ञेने 320, 240 या जागी पांढरा ठिपका मागितला की तो नेमका मध्यावर उमटायचा. मोहरीएवढाही नसायचा तो. पण तो आपण मागितला होता, आपण सांगितलेल्या जागी आला होता, आणि त्याच्याभोवती तीन लाख जागा आपल्या सांगण्याची वाट पाहत होत्या. पुढे मोठमोठी चित्रे पडद्यावर पाहिली, पण त्या एका ठिपक्याइतका आनंद मला दुसऱ्या कशानेच दिला नाही.

पडद्यावर य-अक्ष उलटा असतो, हा दुसरा धक्का. शाळेत वर जाताना य वाढायचा; इथे मूळबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात आणि य खाली खाली वाढत जाणारा. कारण जुन्या काचेच्या नळीत आहे. तिच्यातला इलेक्ट्रॉनांचा झोत वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचा, एक ओळ आडवी पुसत जायचा, मग खालची ओळ, मग त्याखालची. आपण पुस्तक वाचतो तसाच. नळ्या गेल्या, सपाट पडदे आले, तरी मूळबिंदू बहुतेक ठिकाणी तिथेच राहिला. वहीत डावीकडे फिरणारा त्रिकोण पडद्यावर उजवीकडे का फिरतो, याचे उत्तरही याच कोपऱ्यात सापडते.

मग रेघ आली. ती समजायला मला धुळ्याच्या गल्ल्यांनी मदत केली. 1819 साली कॅप्टन ब्रिग्जने धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले आणि इथे नवी पेठ वसवली. त्या पेठेच्या समांतर गल्ल्यांना आजही नावापेक्षा क्रमांकानेच ओळखतात. अशा वस्तीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात जायचे तर घरांच्या भिंतींतून जाता येत नाही. काही पावले सरळ चालायचे, एखाद्या चौकात वळून पुढची गल्ली धरायची, पुन्हा सरळ चालायचे. वाट पायऱ्यापायऱ्यांची होते, पण वळणे योग्य चौकात घेतली तर ती मनातल्या तिरप्या रेघेपासून कुठेच फार लांब जात नाही. वळायचे केव्हा, एवढाच प्रश्न.

याचे सर्वांत सुंदर उत्तर जॅक ब्रेझनहॅम यांनी 1962 मध्ये शोधले. ते आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते आणि त्यांना कागदावर पेनने रेघा मारणारे एक यंत्र चालवायचे होते. 1965 मध्ये त्यांची रीत छापून आली. तिच्यात भागाकार नाही, अपूर्णांक नाही. फक्त पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी आणि दुप्पट. समजा शून्य-शून्यपासून पाच-दोनपर्यंत जायचे आहे. आडवी घरे पाच, उभी दोन. उभ्याची दुप्पट चार, तिच्यातून आडवे पाच वजा केले की उणे एक. हा झाला निर्णयाचा आकडा. तो उणे असला तर सरळ एक घर पुढे जायचे आणि त्यात चार मिळवायचे. उणे नसला तर पुढे जाताना एक घर चढायचे आणि त्यातून सहा काढायचे. आकडा असा चालतो: उणे एक, तीन, उणे तीन, एक, उणे पाच. पाच आकडे, पाच पावले, आणि पाचव्या पावलाला आपण बरोबर पाच-दोनवर उभे असतो. सर हे आलेखकागदावर करून घ्यायचे. चौकोन पेन्सिलीने काळे करायचे आणि शेजारी आकडा लिहायचा. दिवे गेले तरी तास थांबत नसे, खिडकीजवळचे बाक उजेडाचे म्हणून तिकडे सरकायचे एवढेच. त्या आकड्यात रेघेपासून आपण किती ढळलो आहोत याचा हिशेब साठलेला असतो. प्रत्येक पाऊल आधीच्या पावलांचे देणे-घेणे घेऊन पुढे जाते. हे हाताने केल्याशिवाय कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

रंग भरण्याची रीत मुलांना सर्वांत आवडायची. बंद आकृतीच्या आत एक बिंदू द्यायचा. तो रंगतो, मग वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या शेजाऱ्याला विचारतो, तो कडेचा नसेल आणि रंगलेला नसेल तर तोही रंगतो आणि आपल्या शेजाऱ्यांना विचारतो. त्या काळच्या संगणकावर हा रंग पसरताना डोळ्यांनी दिसायचा. कडेत एका ठिपक्याची फट राहिली की तेवढ्यातून रंग बाहेर पडून सगळा पडदा व्यापायचा, आणि मागून कुणीतरी अहिराणीत ओरडायचे, ‘‘रंग सांडना रे भो!’’ चारऐवजी आठ शेजारी विचारले की तिरप्या कडेच्या दोन ठिपक्यांच्या कोपऱ्यातूनही रंग निसटतो. ब्रेझनहॅमच्या रीतीने काढलेली कड डोळ्याला सलग दिसते, पण आठ दिशांना पाहणाऱ्या रंगाला ती सलग नसते. ‘सलग’ म्हणजे काय हे कोणत्या दिशांनी पाहता त्यावर ठरते, ही गोष्ट एरवी गणिताच्या वरच्या वर्गात भेटते. आम्हाला ती सांडलेल्या रंगात भेटली.

पण या विषयाचा गाभा मला सापडला तो फिरवण्यात.

एक बिंदू मूळबिंदूभोवती थोडासा फिरवायचा आहे. तो आधीच काही कोनात उभा आहे. आता त्यात आणखी एक कोन मिळवायचा. मूळबिंदूपासूनचे अंतर एक धरले तर नव्या जागेचा य म्हणजे दोन कोनांच्या बेरजेची ज्या, म्हणजे साइन, आणि नवा क्ष म्हणजे त्या बेरजेची कोटिज्या, म्हणजे कोसाइन. सरांनी फळ्यावर बेरजेचे सूत्र उलगडले: पहिल्याची ज्या गुणिले दुसऱ्याची कोटिज्या, अधिक पहिल्याची कोटिज्या गुणिले दुसऱ्याची ज्या. त्यातून दोन ओळी, दोन स्तंभांचा तो प्रसिद्ध चौकोन तयार झाला, ज्याच्यावर पडद्यावरचे प्रत्येक फिरणारे चाक, प्रत्येक वळणारी मान, प्रत्येक उडते विमान चालते. तो उतरवून घेऊन आम्ही पुढच्या पानावर गेलो. हे सूत्र लिहिणाऱ्याच्या ग्रंथांसाठी आमच्याच खानदेशात एक मठ उभा होता, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. ते वाचले त्या दिवशी मला आधी आनंद झाला आणि मग हळहळ वाटली, की हे त्याच तासाला, त्याच फळ्यासमोर ऐकायला हवे होते.

धुळ्याच्या स्टेशनावरून गाडी जाते ती चाळीसगावला. चाळीसगावहून 18-20 किलोमीटरवर, सातमाळ्याच्या डोंगरकुशीत, आज गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे तिथे पाटण आहे, पाटणादेवीचे. इथे सापडलेला शिलालेख शके 1128 चा. भाऊ दाजी लाड यांनी तो 1865 मध्ये विद्वानांसमोर आणला. ते सूत्र लिहिणारे भास्कराचार्य, आणि त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारातला मुख्य ज्योतिषी. त्याने आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला, आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिले, असे हा लेख सांगतो. बराचसा लेख संस्कृतात आहे आणि शेवटचा भाग जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला काय मिळावे, ते या मराठी भागात नोंदले आहे. भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते यावर विद्वानांचा वाद आहे, आणि तो त्यांनी खुशाल घालावा. मला या नोंदीचे मोल जास्त वाटते. बाजारातल्या विक्रीचा एक वाटा मुलांना ज्या आणि कोटिज्या शिकवण्यासाठी जात होता, आणि हे सगळ्यांना कळावे म्हणून ते लोकांच्या भाषेत दगडावर कोरले होते.

1150 साली पुऱ्या झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ‘ज्योत्पत्ति’ नावाचे छोटे प्रकरण आहे. ज्या कशा काढाव्यात हा त्याचा विषय. कोनांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूत्र तिथे आहे. त्याहून अधिक मला खिळवून ठेवले ते त्याच प्रकरणातल्या एका नियमाने. एखाद्या कोनाची ज्या घ्या. तिच्यातून तिचाच 6569 वा भाग वजा करा. त्याच कोनाच्या कोटिज्येला 10 ने गुणून 573 ने भागा. दोन्हींची बेरीज म्हणजे एक अंश पुढच्या कोनाची ज्या. वजाबाकी केली तर एक अंश मागची.

ज्याने काळ्या पडद्यावर वर्तुळ काढले आहे तो हे वाचून ताठ बसेल. कारण वर्तुळ काढण्याची ही सरळ सरळ रीत आहे. प्रत्येक ठिपक्यासाठी ज्या-कोटिज्या नव्याने काढणे महाग पडते, म्हणून आधीच्या ठिपक्यालाच थोडा फिरवून पुढचा मिळवायचा. आमच्या पाठ्यपुस्तकात याला वाढीची पद्धत म्हणत आणि ती संगणकाच्या युगातली युक्ती म्हणून शिकवली जाई. इथे तीच युक्ती, साध्या गुणाकार-भागाकारात बसवलेली. एक अंशाची ज्या 0.0174524, 10 भागिले 573 म्हणजे 0.0174520. एक अंशाची कोटिज्या 0.9998477, एकातून 6569 वा भाग काढला तर 0.9998478. सहा-सात दशांश स्थळांपर्यंत भिडणारे हे अपूर्णांक, आणि तेही हाताने हिशेब करणाऱ्याला झेपतील एवढे लहान आकडे.

मी हा नियम पुटपिक्सेलला जोडला. कोटिज्या 200, ज्या 0, म्हणजे उजवीकडे दोनशे ठिपक्यांवरून सुरुवात. ज्येसाठी भास्कराचार्यांचा नियम, कोटिज्येसाठी तोच, फक्त मधले चिन्ह उलटे. एक अंश पुढे, ठिपका. आणखी एक अंश पुढे, ठिपका. 360 पावलांनी वर्तुळ मिटले. हिशेब केला तर त्रिज्या या सगळ्या फेरीत एका ठिपक्याच्या दोनशेव्या भागाइतकीही वाढत नाही, आणि शेवटचा बिंदू सुरुवातीच्या बिंदूपासून एका ठिपक्याच्या पंचविसाव्या भागाहूनही जवळ येतो. डोळ्याला किंवा पडद्याला हा फरक कधीच दिसणार नाही. साडेआठशेहून अधिक वर्षे त्या वर्तुळाच्या दोन टोकांमध्ये मिटली असे मला वाटले. भास्कराचार्यांना ग्रहांच्या जागा काढायच्या होत्या, मला ठिपक्यांच्या. गरज एकच होती: आधीच्या जागेवरून पुढची जागा, कमीत कमी श्रमात आणि न ढळता.

या विषयाचा शेवटचा भाग प्रकाशाचा. पृष्ठभाग दिव्याकडे सरळ तोंड करून असेल तर त्यावर पूर्ण उजेड, साठ अंशांनी कलला तर निम्मा, नव्वद अंशांनी वळला तर काळोख. कलाच्या कोनाची कोटिज्या म्हणजेच उजेडाचे माप. योहान लांबर्ट यांनी हे 1760 मध्ये मांडले. म्हणजे ज्या आणि कोटिज्या इथेही आहेतच. 1942 साली हनोईत जन्मलेल्या बुई तुओंग फाँग यांनी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात त्यात चकाकीची भर घातली: सगळीकडे पसरलेला मंद उजेड, कलानुसार बदलणारा उजेड, आणि तुकतुकीत वस्तूवर दिसणारा तो छोटा तेजाचा ठिपका, या तिघांची बेरीज. 1975 मध्ये त्यांचा निबंध छापून आला आणि त्याच वर्षी ते गेले. वय जेमतेम बत्तीस-तेहतीस. आज कुठलाही मुलगा पडद्यावर लाल चेंडू काढून त्याच्यावर पांढरी चमक आणतो, तेव्हा फाँग यांची बेरीज तिथे असते.

उजेडाचा हा पाठ समजून घ्यायलाही चाळीसगावीच जावे. स्टेशनाजवळच्या घरात केकी मूस राहिले. मुंबईत 1912 मध्ये जन्मलेले, इंग्लंडात शिकून आलेले, आणि मग उरलेले आयुष्य जवळजवळ घराबाहेर न पडता 31 डिसेंबर 1989 पर्यंत इथेच काढलेले छायाचित्रकार. टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, एखादा दिवा कुठून आणि किती झुकवून लावायचा ते ठरवायचे, आणि त्यातून अख्खा देखावा उभा करायचा, ही त्यांची टेबलटॉप छायाचित्रे. पाहणाऱ्याला बाहेरचे विस्तीर्ण जग दिसते. प्रत्यक्षात ते एका टेबलावर मावलेले असते. संगणकात दृश्य रचणारा याहून वेगळे काय करतो? वस्तू कुठे, दिवा कुठे, डोळा कुठे, या तीन जागा ठरवल्या की बाकीचे कोटिज्या सांगते. मूस यांच्याकडे सूत्र नव्हते, नजर होती, आणि ती घडायला त्यांनी सगळे आयुष्य दिले. त्यांच्या घरात आता त्यांचे कलादालन आहे. ग्राफिक्स शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने तिथे उभे राहून सावल्या कुठे पडल्या आहेत ते पाहावे.

आता टर्बो सी गेले. खिशातल्या फोनच्या पडद्यावरही वीस लाखांवर ठिपके असतात आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतात. रेघ, वर्तुळ, चमक सगळे एका ओळीच्या आज्ञेत मिळते. ते रंगवणारी चीप हजारो निर्णय एकाच वेळी घेते. मी आता हा विषय शिकवतो. मुले पहिल्या तासालाच विचारतात, ‘‘सर, हे सगळे तयार असताना आपण का करायचे?’’ प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला बगल देत नाही. तयार आज्ञा वापरणारा मुलगा चित्र काढतो. पण चित्र बिघडले, कड फाटली, चेंडू अंडाकृती झाला, सावली भलतीकडे पडली, की त्याच्याजवळ कुठे पाहावे याचे ज्ञान नसते. ज्याने निर्णयाचा आकडा हाताने चालवला आहे, त्याला कळते की चूक कोणत्या पावलाला झाली असेल. आणि उद्याच्या आज्ञा लिहिणारे लोक याच दुसऱ्या प्रकारच्या मुलांतून येतात. खानदेशातली मुले पहिल्या प्रकारात अडकून राहावीत, असे मला मुळीच वाटत नाही. त्यांची तयारी कमी नाही. क्ष आणि य त्यांना मायबोलीत कळलेले असतात, आणि ही फार मोठी जमा आहे.

म्हणून देवपूरपासून जळगावपर्यंत हा विषय शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना विनंती आहे. पहिले दोन आठवडे आयती आज्ञा बाजूला ठेवा आणि मुलांच्या हातात आलेखकागद द्या. फिरवण्याचे सूत्र फळ्यावर लिहाल त्या दिवशी त्याखाली भास्कराचार्यांचे नाव, 1150 हे साल आणि पाटण हे गाव लिहा. 10, 573 आणि 6569 हे तीन आकडे देऊन वर्तुळ काढायला सांगा. आणि वर्षातून एकदा वर्ग घेऊन चाळीसगावच्या गाडीत बसा. मूस यांचे घर आणि पाटण, दोन्ही एका दिवसात होतात.